सूचीच्या प्रती : शोधसूचीच्या प्रतिलेखनाचा इतिहास आणि पाठचिकित्सा

१

संहिता आणि तिची प्रत यांच्यातील नात्याचा विचार पाठचिकित्सेने दीर्घ काळ आणि अत्यंत काटेकोरपणे केलेला आहे. सूची आणि तिची प्रत यांच्यातील नात्याचा विचार मात्र साहित्याभ्यासाच्या कक्षेत क्वचितच आला. सूची म्हणजे ग्रंथाच्या अखेरीस वाचकाच्या सोयीसाठी जोडलेली एक निरुपद्रवी पुरवणी, अशी आपली धारणा असल्यामुळे तिच्या प्रती कशा सिद्ध होतात, त्या परस्परांशी कितपत जुळतात आणि न जुळल्यास प्रमाण कोणती मानावयाची, हे प्रश्न प्रथम ग्रंथपालांचे आणि नंतर संगणकतज्ज्ञांचे मानले गेले.

ही श्रमविभागणी आता निर्वेध राहिलेली नाही. एखादा शब्द केव्हापासून रूढ झाला, एखादी संकल्पना कोणत्या लेखकांत आढळते आणि कोणत्या लेखकांत आढळत नाही, यासंबंधीची विधाने अभ्यासक आज लक्षावधी ग्रंथांच्या शोधसूचीला प्रश्न विचारून करू लागला आहे. ही सूची एका ठिकाणी, एका रूपात नांदत नसते. तिचे अनेक खंड असतात, प्रत्येक खंडाच्या अनेक प्रती असतात, आणि त्या परस्परांशी जोडलेल्या सर्व्हरांच्या समूहावर विखुरलेल्या असतात. अभ्यासकाच्या प्रश्नाला यांपैकी कोणत्या प्रतीने उत्तर दिले, हे त्याला सहसा ठाऊक नसते.

सूचीच्या प्रतिलेखनाचा इतिहास पाहिला असता त्यात दोन पद्धती वारंवार दिसतात. पहिल्या पद्धतीत मूळ मजकूर सर्वत्र पाठविला जातो आणि प्रत्येक ठिकाणी त्याची सूची नव्याने केली जाते. दुसऱ्या पद्धतीत सूची एकाच ठिकाणी सिद्ध होते आणि तयार सूचीच्याच प्रती इतरत्र जातात. ही निवड केवळ तांत्रिक सोयीची नाही. अर्थनिर्णयनाची कृती किती ठिकाणी घडावी आणि तिचे दायित्व कोणाकडे असावे, हा प्रश्न तीत अनुस्यूत आहे, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

२

पाश्चात्त्य परंपरेतील पहिली मोठी शब्दसूची पॅरिसमधील सेंट जॅक या डॉमिनिकन मठात, ह्यू ऑफ सेंट शेर याच्या देखरेखीखाली, १२३० च्या दशकात आकाराला आली. ती लॅटिन बायबलची होती. अध्यायांची विभागणी त्यापूर्वी रूढ होऊ लागलेली होती, परंतु श्लोकक्रमांक अस्तित्वात नव्हते. म्हणून प्रत्येक दीर्घ अध्यायाचे ए ते जी या अक्षरांनी दर्शविलेले सात भाग कल्पिण्यात आले आणि प्रत्येक शब्दापुढे ग्रंथ, अध्याय आणि भाग एवढाच निर्देश देण्यात आला. या व्यवस्थेमुळे पृष्ठरचना भिन्न असलेल्या कोणत्याही हस्तलिखिताला तीच सूची लागू पडू लागली. सूची एका विशिष्ट प्रतीपासून मुक्त झाल्याखेरीज तिचे स्वतःचे प्रतिलेखन अर्थपूर्ण होत नाही, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

या पहिल्या सूचीत शब्दाचा संदर्भ उद्धृत केलेला नव्हता. शब्द कोठे आहे हे ती सांगे; तो कोणत्या वाक्यात आहे हे सांगत नसे. पुढच्या सूचीत वाक्ये विस्ताराने देण्यात आली आणि ती अवजड झाली. तिसरी, आटोपशीर आवृत्ती पॅरिसमधील पुस्तकव्यावसायिकांमार्फत प्रसृत झाली. या प्रसाराची पद्धती आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे.

तिला ‘पेसिया’ पद्धती म्हणतात. विद्यापीठाच्या देखरेखीखालील आदर्श प्रत न बांधता सुट्या तुकड्यांच्या रूपात ठेवली जाई. लेखनिक ठरावीक भाडे देऊन एकेक तुकडा नेई, उतरवून घेई आणि परत करून पुढचा नेई. त्यामुळे एकाच ग्रंथाचे अनेक लेखनिक एकाच वेळी प्रतिलेखन करू शकत. जाँ देस्त्रेझ या फ्रेंच विद्वानाने १९३५ मध्ये या पद्धतीचा पहिला सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केल्यानंतर पाठचिकित्सकांना एक गैरसोयीची गोष्ट उमगली. झिजलेले तुकडे बदलले जात, काही तुकड्यांत दुरुस्त्या होत, आणि ज्या वेळी जो तुकडा उपलब्ध असे तो लेखनिक नेत असे. परिणामी एकाच आदर्श प्रतीवरून उतरविलेल्या दोन हस्तलिखितांत एका भागाचा पाठ जुना तर दुसऱ्या भागाचा सुधारलेला असू शकतो. अशा हस्तलिखितांचा वंशवृक्ष संपूर्ण ग्रंथाचा काढता येत नाही. तो तुकड्यागणिक काढावा लागतो.

विभागणी आणि प्रतिलेखन ही दोन तत्त्वे एकत्र आली की वेग वाढतो, आणि त्याच वेळी ‘एक संपूर्ण प्रत’ ही कल्पनाही ढासळू लागते. सर्व्हरसमूहाच्या संदर्भात हेच पुन्हा घडले.

३

त्याआधी सूची म्हणजे काय याचा थोडा अधिक विचार करणे इष्ट ठरेल. रॉबेर्तो बुसा या इटालियन जेझुइट विद्वानाने टॉमस अक्वायनसच्या वाङ्मयाची संपूर्ण शब्दसूची करण्यासाठी १९४९ मध्ये आयबीएमचे प्रमुख टॉमस वॉटसन यांचे साहाय्य मिळविले. छिद्रित पत्रांपासून सुरू झालेले हे कार्य ‘इंडेक्स थॉमिस्टिकस’ या नावाने १९७४ ते १९८० या काळात ५६ खंडांत प्रसिद्ध झाले. एक कोटीहून अधिक शब्दांच्या या प्रकल्पात यंत्राला शब्द मोजता येत होते, पण एकाच शब्दाची विविध विकाररूपे कोणत्या मूळ रूपाखाली लावावयाची याचा निर्णय माणसांनाच करावा लागला.

मराठीच्या अभ्यासकाला या निर्णयाचे महत्त्व वेगळे पटवून देण्याची आवश्यकता नाही. ‘झाड’ या शब्दाचा शोध घेणाऱ्याला ‘झाडाखाली’ आणि ‘झाडांवरून’ ही रूपे मिळावयास हवीत की नकोत? हवी असल्यास सामान्यरूप आणि शब्दयोगी अव्यय यांची फोड करणारा नियम सूचीकाराने आधीच स्वीकारलेला असला पाहिजे. ‘सुऱ्या’ या शब्दातील अर्धा र संगणकीय लिपिसंकेतात दोन प्रकारे नोंदविता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला ते दोन भिन्न शब्द वाटतात. ते एक मानावयाचे, हेही आधीच ठरवावे लागते. संहितेचे तुकडे कोठे पाडावयाचे, कोणती रूपे एकत्र करावयाची, कोणते शब्द गाळावयाचे हे सर्व निर्णय झाल्यावरच सूची तयार होते. सूची हे संहितेचे प्रतिबिंब नव्हे. तो संहितेचा एक विशिष्ट नियमांनी केलेला, गोठविलेला अन्वय आहे. तेव्हा सूचीची प्रत काढणे म्हणजे या अन्वयाची प्रत काढणे होय.

४

संगणकीय शोधसूचीत संहितेचा क्रम उलटविलेला असतो. ग्रंथाकडून शब्दाकडे न जाता शब्दाकडून तो असलेल्या ग्रंथांच्या यादीकडे जाता येते. तत्त्वतः ही ह्यूचीच रचना आहे. संग्रह वाढत गेला तशी ही यादी एका यंत्राच्या आवाक्याबाहेर गेली. गूगलच्या अभियंत्यांनी २००३ मध्ये आपल्या शोधव्यवस्थेचे जे वर्णन प्रसिद्ध केले, त्यानुसार सूचीचे अनेक ‘शार्ड’, म्हणजे खंड, पाडलेले होते. प्रत्येक खंडासाठी यंत्रांचा एक गट नेमलेला होता आणि पंधरा हजारांहून अधिक सामान्य प्रतीचे संगणक हे काम करीत होते. यंत्र बंद पडणे ही नित्याची घटना मानून, प्रतींच्या संख्येतून विश्वासार्हता साधावयाची, हे या रचनेचे सूत्र होते.

ग्रंथालयांना आणि विद्यापीठांना अशी व्यवस्था सुलभ झाली ती ‘ल्युसीन’ या मुक्त संगणकप्रणालीमुळे. डग कटिंग यांनी १९९७ मध्ये तिच्या लेखनास प्रारंभ केला आणि २००१ मध्ये ती अपाची प्रतिष्ठानाकडे आली. ल्युसीनची सूची ‘सेगमेंट’ नावाच्या लहान भागांत लिहिली जाते आणि एकदा लिहिलेला सेगमेंट पुन्हा बदलला जात नाही. नवा मजकूर आला की नवा सेगमेंट तयार होतो. सेगमेंट फार झाले की काही एकत्र करून मोठा सेगमेंट लिहिला जातो आणि जुने टाकून दिले जातात. अपरिवर्तनीयता हा गुण प्रतिलेखनाला अतिशय अनुकूल असतो, कारण जे बदलत नाही ते एकदाच उतरवून घेतले की पुरते.

ल्युसीनवर आधारलेली ‘सोलर’ ही शोधव्यवस्था योनिक सीली यांनी २००४ मध्ये सीनेट या कंपनीत विकसित केली आणि २००६ मध्ये ती अपाचीकडे सुपूर्त झाली. तिच्या आरंभीच्या रचनेत एक सर्व्हर सूची लिहीत असे आणि इतर सर्व्हर ठरावीक कालावधीने तयार सेगमेंट उतरवून घेत. २००९ च्या १.४ या आवृत्तीत हे उतरविणे सोलरच्याच अंगभूत यंत्रणेकडे आले. येथे अन्वय एकदाच घडतो. प्रती काहीशा मागे राहतात, पण त्या मूळ सूचीशी तंतोतंत जुळतात. या दोन सर्व्हरांना ‘मास्टर’ आणि ‘स्लेव्ह’ अशी नावे होती. पुढे ती बदलून ‘लीडर’ आणि ‘फॉलोअर’ अशी करण्यात आली. प्रतीच्या दुय्यमत्वाची कल्पना कोणत्या सामाजिक रूपकांतून व्यक्त होत होती, याची ही बोलकी नोंद आहे.

२०१२ मध्ये सोलरची ४.० ही आवृत्ती आली आणि पद्धती पालटली. आता नवा मजकूर प्रत्येक प्रतीकडे पाठविला जाऊ लागला आणि प्रत्येक सर्व्हर स्वतंत्रपणे त्याची सूची करू लागला. शाय बॅनन यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘इलॅस्टिकसर्च’नेही हाच मार्ग स्वीकारलेला होता. कारण उघड होते. बातमी, व्यवहाराची नोंद वा नवे पुस्तक क्षणार्धात शोधता यावे, ही अपेक्षा तयार सूचीच्या फेरीची वाट पाहावयास तयार नव्हती. तथापि या बदलाबरोबर अन्वयाची कृतीही जितक्या प्रती तितक्या ठिकाणी घडू लागली. एखाद्या सर्व्हरवर समानार्थी शब्दांची यादी जुनी राहिली, तर तोच मजकूर तेथे वेगळ्या रीतीने सूचित होतो. पाठ एकच, अन्वय दोन.

पुढील काळात लंबक अंशतः परतला. सोलरच्या २०१७ च्या ७.० या आवृत्तीत तयार सेगमेंट उतरवून घेणाऱ्या प्रतींचे प्रकार पुन्हा उपलब्ध झाले. इलॅस्टिकसर्चपासून २०२१ मध्ये फुटून निघालेल्या ‘ओपनसर्च’नेही २०२३ मध्ये सेगमेंटच्या प्रतिलेखनाचा पर्याय पूर्णत्वास नेला. या दोलायमानतेत अप्रतिहत प्रगतीची कथा शोधणे चुकीचे होईल. ताजेपणा आणि एकरूपता यांपैकी काय अधिक मोलाचे, याचे उत्तर प्रत्येक वेळी गरजेनुसार दिले गेले.

५

प्रती भिन्न होण्याची आणखी दोन कारणे पाठचिकित्सेच्या दृष्टीने उद्बोधक आहेत.

पहिले कारण संपर्कभंगाचे. समूहातील सर्व्हरांमधला दुवा तुटला, तर दोन्ही बाजूंना आपणच प्रमुख आहोत असे वाटू शकते आणि दोन्हीकडे स्वतंत्र लेखन सुरू होते. संपर्क तुटलेला असताना प्रतींची एकवाक्यता आणि उत्तराची निरंतर उपलब्धता या दोन्ही गोष्टी एकाच वेळी राखता येत नाहीत, हे तत्त्व एरिक ब्रूअर यांनी २००० मध्ये मांडले आणि गिल्बर्ट व लिंच यांनी २००२ मध्ये सिद्ध केले. २०१४ मध्ये काइल किंग्जबरी यांनी इलॅस्टिकसर्चची जी जाहीर चाचणी घेतली, तीत अशा भंगाच्या वेळी स्वीकृतीची पोच दिलेल्या नोंदीही नाहीशा होत असल्याचे आढळले. त्यानंतर प्रत्येक लेखनाला अनुक्रमांक देण्याची पद्धती २०१७ च्या ६.० या आवृत्तीत, आणि प्रमुखाच्या निवडीची नवी व्यवस्था २०१९ च्या ७.० या आवृत्तीत आली. विलग झालेल्या दोन परंपरा पुन्हा एकत्र येतात, तेव्हा कोणती प्रमाण मानावयाची, हा प्रश्न हस्तलिखितांच्या अभ्यासकाला अपरिचित नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत विष्णु सीताराम सुखटणकरांपुढे उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील वाचनांच्या रूपाने तो उभा होता. १९३३ च्या आपल्या प्रस्तावनेत, उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे गाठता येईल तेवढे प्राचीन रूप सिद्ध करण्याचे मर्यादित उद्दिष्ट त्यांनी स्वीकारले. यंत्राला मात्र असा विवेक करता येत नाही. ते एक परंपरा ठेवते आणि दुसरी टाकते. टाकलेला पाठ तळटीपेत नोंदविलेला नसतो.

दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. सेगमेंट बदलता येत नसल्यामुळे वगळलेला ग्रंथ सूचीतून तत्काळ पुसला जात नाही. त्यावर ‘वगळला’ एवढी खूण होते आणि सेगमेंट एकत्र केले जाईपर्यंत तो तेथेच राहतो. तो उत्तरात दिसत नाही, परंतु हिशेबात राहतो. शब्द जितका विरळ तितके त्याचे महत्त्व अधिक, हे कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये मांडलेले तत्त्व उत्तरांचा क्रम ठरविण्यासाठी आजही पायाभूत आहे, आणि विरळपणाच्या या गणनेत वगळलेले ग्रंथही धरले जातात. प्रत्येक प्रत स्वतंत्रपणे सूची करीत असेल, तर सेगमेंट एकत्र करण्याची वेळही प्रत्येकीची निराळी असते. म्हणून दृश्य ग्रंथ तेच असूनही दोन प्रतींत उत्तरांचा क्रम वेगळा येऊ शकतो. शिवाय हा विरळपणा सामान्यतः खंडापुरताच मोजला जात असल्याने, ग्रंथ कोणत्या खंडात पडला यावरही त्याचे स्थान काही अंशी अवलंबून राहते.

एकच प्रश्न दोनदा विचारला असता उत्तरांचा क्रम बदलतो, अशी तक्रार वापरकर्त्यांनी करू नये म्हणून एक तोडगा सुचविला जातो : एका वापरकर्त्याचे सर्व प्रश्न नेहमी त्याच प्रतींकडे पाठवावेत. तक्रार मिटते, भेद मिटत नाही. प्रत्येक वाचकाला आपापल्या वाचनाची सुसंगत प्रत लाभते आणि शेजारच्या वाचकाची वाचना निराळी आहे, हे त्याला कळण्याचा मार्ग बंद होतो.

६

हा सारा इतिहास साहित्याभ्यासाशी सर्वाधिक थेटपणे भिडतो तो ‘हाथीट्रस्ट’ या अमेरिकन विद्यापीठांच्या संयुक्त ग्रंथसंग्रहात. २००८ मध्ये स्थापन झालेल्या या संग्रहाची पूर्णसंहिता-शोधव्यवस्था २००९ पासून सोलरवर उभी राहिली आणि तिची सूची अनेक खंडांत विभागण्यात आली. अमेरिकेतील ग्रंथालयांनी मिळविलेली मराठी पुस्तकेही या संग्रहात आहेत, म्हणून मराठीच्या अभ्यासकाचाही तिच्याशी संबंध येतो. २०१० मध्ये तिच्या अभियंत्यांना एक अनपेक्षित अडथळा आला : सूचीतील भिन्न ‘शब्दां’ची संख्या दोनशे कोटींच्या वर जाऊन ल्युसीनची मर्यादा ओलांडली गेली. यात शेकडो भाषांचा वाटा होता, तसाच छापील अक्षरे यंत्राने चुकीची वाचल्यामुळे जन्मलेल्या, कोणत्याही भाषेत नसलेल्या शब्दांचाही होता. लेखनिकाचे प्रमाद सूचीत शिरले की तेही निष्ठेने प्रत्येक प्रतीत उतरतात.

या संग्रहाविरुद्ध अमेरिकेतील लेखकांच्या संघटनेने २०११ मध्ये दावा दाखल केला. संग्रहाची एक प्रत मिशिगनमध्ये, दुसरी इंडियानातील सर्व्हरवर आणि आणखी दोन फितींवर होती. इतक्या प्रती कशासाठी, असा आक्षेप होता. स्वामित्वहक्क असलेल्या ग्रंथांच्या बाबतीत शोधणाऱ्याला पृष्ठक्रमांक आणि शब्दाच्या आढळांची संख्या एवढेच दाखविले जात असे. ह्यूच्या पहिल्या सूचीप्रमाणेच स्थान मिळे, वाक्य मिळत नसे. जून २०१४ मध्ये अपील न्यायालयाने संग्रहाच्या बाजूने निर्णय दिला. शोधाचे फलित मूळ पृष्ठाहून उद्देशाने आणि स्वरूपाने भिन्न असते, आणि सेवा अखंड चालावी यासाठी एकाहून अधिक प्रती आवश्यक ठरतात, असा त्या निर्णयाचा आशय होता. सूची ही संहितेची प्रत नव्हे, ती निराळी कृती आहे, ही गोष्ट साहित्यशास्त्राच्या आधी न्यायसंस्थेने स्पष्टपणे मान्य केली, हे आपण नोंदवावयास हवे.

ती निराळी कृती असेल, तर तिची चिकित्साही निराळी हवी. पहिली आवश्यकता नकारात्मक विधानांच्या बाबतीत आहे. ‘अमुक शब्द अमुक वर्षापूर्वी आढळत नाही’ या विधानाचा आधार जेव्हा शोधसूची असते, तेव्हा त्याचा काटेकोर अर्थ एवढाच होतो की, त्या दिवशी, त्या नियमांनी केलेल्या सूचीच्या, उत्तर देणाऱ्या प्रतींत तो सापडला नाही. एखादा खंड उत्तर देऊ शकला नाही, तरी उरलेल्या खंडांचे उत्तर पूर्णवत दिसू शकते. दुसरी आवश्यकता आढळसंख्येची आणि उत्तरांच्या क्रमाची. पहिल्या काही उत्तरांवरून एखाद्या काळाचे चित्र रेखाटणाऱ्या अभ्यासकाने तो क्रम कोणत्या गणनेतून आला याची पृच्छा केली पाहिजे.

हस्तलिखिताचा आधार देताना संग्रह, क्रमांक आणि काळ सांगण्याची शिस्त आपण स्वीकारलेली आहे. शोधसूचीचा आधार देताना प्रश्नाचे नेमके शब्द, दिनांक, संग्रहाची व्याप्ती आणि शब्दरूपांविषयीचा सूचीचा नियम यांचा निर्देश करणे, ही त्याच शिस्तीची पुढची पायरी होय. पदव्युत्तर प्रबंधांत ती आजपासून लागू करता येण्याजोगी आहे. उत्तर देणारी नेमकी प्रत अभ्यासकाला सांगता येणार नाही, हे खरे. पण ज्या व्यवस्था तो तपशील आपल्यापर्यंत पोहोचू देत नाहीत, त्यांच्याकडे तो मागणे हे पाठचिकित्सेच्या अधिकारात बसते. पेसियाच्या आधारे सिद्ध झालेल्या हस्तलिखितांच्या समासांत तुकड्यांचे क्रमांक लिहिलेले असत. त्या क्षुल्लक खुणांमुळेच सात शतकांनंतर देस्त्रेझला त्यांचा वंश शोधता आला. सर्व्हरसमूहाकडून आलेल्या उत्तराच्या समासात अशी खूण आज नसते.